पांढरा कुठी थांबते?

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट त्या गोष्टीसाठी म्हणून केली नाही. जे काही केलं ते त्याच्यानंतरची गोष्ट सोपी जावी म्हणून. चहा पिताना त्यांचं लक्ष कप कुठे ठेवायचा याकडे असे, आणि कप ठेवताना कुठल्या बाजूने उठायचं याकडे. बाजारात सायकल लावायची तर तोंड आधीच घराकडे करून. एकदा गर्दीत कुणीतरी ती सायकल उलटी फिरवून ठेवली, तर हे दोन्ही हँडलांना पिशव्या अडकवून, नेहमीच्या विश्वासाने टांग मारून जे निघाले ते थेट नदीच्या पुलापर्यंत गेले. खाली पाणी दिसलं तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या घराच्या वाटेत नदी नाही. जेवताना भात आणि वरण एकाच घासाला संपलं पाहिजे, ना शीत उरायला हवं ना थेंब, असा त्यांचा पहिल्या घासापासूनचा बेत असे. मामी हे जाणून होत्या. बेत अगदी तडीला जायच्या वेळी त्या पाठीमागून येऊन पळीभर वरण वाढत. मग मामा कळवळून ओरडत, "सारा टेबल बिघडवला ना वो!" आणि मामी पदराआड हसत स्वयंपाकघरात जात. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावरही हा प्रकार आठवड्यातून दोनदा तरी होत असे, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

मामा चंद्रपूरला वनखात्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जंगलाचे नकाशे काढायचे, हे त्यांचं काम. नाल्याची निळी रेघ, पाऊलवाटेची तुटक रेघ, हद्दीची ठिपक्यांची रेघ. मी तिथे गेलो त्या वर्षांत जिल्ह्याचे नुकतेच दोन भाग झाले होते, चंद्रपूर वेगळं आणि गडचिरोली वेगळं, त्यामुळे सगळे नकाशे नव्याने काढायचं काम त्यांच्या टेबलावर येऊन पडलं होतं. ते काम त्यांनी सुरेख केलं, पण नाराजीने. "रेघ मारली म्हनून जंगलाले काय समजते जी? सांबर तर इकडून चरून तिकडे पानी प्याले जाईन." सांबर कुठे जाईल, नाला कुठे वळेल, पायवाट कुठे निघेल, याची त्यांना नकाशावरच इतकी सवय झाली होती की खऱ्या जंगलातही ते समोरचं पाहत नसत. एकदा आम्ही जीपने मोहर्लीकडून येत होतो आणि चक्क दिवसाढवळ्या पट्टेदार वाघ रस्ता ओलांडून गेला. आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होतो, आणि मामा मान वळवून पलीकडच्या बांबूच्या बेटाकडे. "इथी निघन," असं त्यांनी बोट दाखवून सांगितलं. वाघ बरोबर तिथेच निघाला, पण तोवर अंतर पडलं होतं आणि गवतातून त्याच्या शेपटीचं टोकच काय ते दिसलं. तीस वर्षं वनखात्यात काढून मामांनी वाघाच्या फक्त शेपट्या पाहिल्या होत्या.

पण या सगळ्याचं मूळ नकाशात नव्हतं. ते होतं तलावाजवळच्या क्लबात.

हा साहेब लोकांचा जुना क्लब. इंग्रजांच्या वेळची कौलारू इमारत, उंच छत, भिंतीवर एका रानगव्याचं मुंडकं, त्याचा एक काचेचा डोळा कुणीतरी पळवलेला. मधल्या खोलीत बिलियर्डचं भलंथोरलं टेबल. हिरवं कापड तीन जागी रफू केलेलं, आणि त्यावर स्नूकरचा खेळ. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की पांढऱ्या चेंडूला काठीच्या टोकाने टोला द्यायचा आणि त्याने जाऊन लाल किंवा दुसऱ्या रंगाच्या चेंडूला टेबलाच्या खिशात पाडायचं. पांढरा स्वतः मात्र खिशात पडता कामा नये. आणि एक चेंडू पाडल्यावर पांढरा जिथे जाऊन थांबेल तिथूनच पुढचा टोला मारायचा. सगळं जग खिशाकडे पाहतं. मामा पांढऱ्याकडे पाहत.

मामांचे वडील याच क्लबात पंखा ओढायचे. व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचं आणि भिंतीच्या भोकातून आलेली दोरी ओढत राहायचं. आत पाऊल ठेवायची मुभा त्यांना नव्हती. वर्षानुवर्षं त्यांनी दोरी ओढली आणि टेबल एकदाही पाहिलं नाही. ऐकलं मात्र रोज. मामा सांगत, "बाबा आवाजावरून वळखे जी, कोनता साहेब खेळून राह्यला. एक टिक् झाली का दोरी थांबवे अन् कान देऊन बसे, दुसरी टिक् कुठून येते म्हनून. मंग अंदरून शिवी येई." पुढे काळ बदलला, क्लबाचं सभासदत्व कारकून-ड्राफ्ट्समनांनाही खुलं झालं, आणि मामांनी पहिल्याच महिन्यात नाव घातलं. पहिल्या दिवशी ते खेळले नाहीत. वडिलांना घेऊन गेले. म्हाताऱ्याने टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली, हात पाठीमागे बांधून, आणि म्हणाला, "एवढंसंच आहे काय? आवाज तं लय मोठा येत होता." मामा ही गोष्ट हसत हसत सांगत, आणि सांगून झाल्यावर खडूचा तुकडा उगाच बराच वेळ काठीच्या टोकाला घासत बसत.

मी तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवायला म्हणून सातारा जिल्ह्यातून गेलो होतो. ओळखीचं कुणी नाही, बोली निम्मी कळते निम्मी नाही, आणि उन्हाळा असा की दुपारी खोलीच्या भिंतीला हात लावला तर भाजेल. सहा महिने खोलीतच काढले, आणि थंडीच्या तोंडाशी संध्याकाळ घालवायला मी क्लबात जाऊ लागलो. पुण्याला शिकताना थोडा खेळलो होतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी चार-पाच लाल धडाधड पाडले आणि कुणी पाहतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या बाकावर पांढऱ्या बुशशर्टातले एक किडकिडीत गृहस्थ बसले होते.

"मारता चांगलं जी," ते म्हणाले. "पन मंग?"

मी टेबलाकडे पाहिलं. पांढरा चेंडू काळ्याच्या मागे जाऊन असा दडला होता की पुढे मारायला काहीही शिल्लक नव्हतं.

"पन मंग?" हा मामांचा सगळ्या जगाला विचारायचा प्रश्न होता. कचेरीत कुणी बदलीसाठी अर्ज टाकतोय म्हणाला, की "पन मंग?" कुणी पोराला डॉक्टर करणार म्हणाला, की "पन मंग?" त्यांना कचेरीत सगळे मागून पनमंग साहेब म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. खेळताना ते आधी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारत, वाकत, एक डोळा मिटत, मग कापडावर एका ठिकाणी करंगळी टेकवून जाहीर करत, "पांढरा इथी थांबन." मग टोला. आणि पांढरा, देवाशपथ सांगतो, या टेबलाच्या कडेला आपटून, त्या कडेला आपटून, सावकाश लोळत लोळत बरोबर त्या करंगळीच्या जागेवर येऊन उभा राही. फक्त ज्याला पाडायचं तो लाल तेवढा खिशाच्या ओठावरून परत आलेला असे. कारण नेम धरण्याच्या क्षणी मामांची नजर लालवरून उठून करंगळीच्या जागेवर गेलेली असायची.

"अहो, पण लाल पडलाच नाही!" मी म्हणायचो.

"त्याचं काय एवढं? पांढरा तं बरोबर आला ना."

क्लबात दरवर्षी थंडीत स्पर्धा होई. मामा अकरा वर्षं तिच्यात उतरत होते आणि अकरा वर्षं पहिल्याच फेरीत हरत होते. त्यांना हरवणारा प्रत्येक जण मात्र वर्षभर त्यांच्याकडे शिकायला येई.

माझं लग्नही त्यांनी असंच लावलं. मला ते कळलं फार उशिरा. एका शनिवारी त्यांनी मला एक पुस्तक वाचायला दिलं, जाडजूड, बौद्ध लेण्यांवरचं. "वाचून झालं का घरी आनून द्या," म्हणाले, "पन बुधवारीच आना. बाकी दिवस मी घरी नसतो." मी बुधवारी गेलो तर तेच घरी नव्हते. दार त्यांच्या भाचीने उघडलं. ती तिथल्याच शाळेत शिकवायची, मामांकडे राहायची, आणि बुधवारी तिची शाळा सकाळची असे. पुस्तक तिचं होतं. तिने विचारलं, कसं वाटलं, आणि मी खरं सांगितलं की चाळीस पानांपलीकडे गेलो नाही. ती हसली आणि म्हणाली, मग परत घेऊन जा. असे पाच बुधवार गेले. सहाव्या शनिवारी क्लबात मामा काठीला खडू लावत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दर बुधवारी तुमी येता. चहा पिता. पुस्तकावर बोलता. पन मंग?"

मी म्हणालो, "मग... तुमची आणि तिच्या आईची हरकत नसेल तर लग्न."

"तिच्या आईशी दिवाळीतच बोललो मी," मामा म्हणाले आणि वाकून नेम धरू लागले. मी क्लबात पहिल्यांदा गेलो होतो तो दिवाळीनंतर चार दिवसांनी. लग्न साधंच झालं, विहारात, त्रिशरण पंचशील घेऊन. मामांनी पाहुण्यांच्या चपला सगळ्या बाहेरच्या दिशेने तोंड करून लावून ठेवल्या होत्या.

आता मामींबद्दल सांगायला हवं. त्या पोंभुर्ण्याकडच्या एका खेड्यातल्या. बुटक्या, बोलायला फटकळ, हाताने जलद. लहानपणी हरभऱ्याच्या शेतात मचाणावर बसून गोफणीने वानरं हाकलायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि असं म्हणतात की वानरं त्यांना पाहून पलीकडच्या शेतात जात. क्लबाबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं, "म्हातारे लोक गोट्या खेळून राह्यले." त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुणाच्याच बायकोने टाकलं नव्हतं.

आमच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी एके दिवशी मामा कचेरीतून दुपारीच घरी आले. नकाशावर पोंभुर्णा भागातली एक हद्द काढत होते, आणि रेघ मधेच सुताएवढी लचकली. त्यांनी ती खोडून पुन्हा काढली. पुन्हा लचकली. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं, टोपण लावलं, आणि साहेबांना सांगून घरी आले. उजवा हात थरथरत होता. आधी अंगठा आणि तर्जनी, एकमेकांवर काहीतरी चोळत असल्यासारखी. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हेही सांगितलं की गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही. कचेरीने त्यांना नकाशांच्या टेबलावरून उठवून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. क्लबात जाणंही थांबलं. मी विचारलं तर म्हणाले, "कापड खराब झालं जी टेबलाचं. मजा नाई राह्यली." कापड गेली दहा वर्षं तसंच होतं.

संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसत. समोर जमिनीवर सहा-सात चिंचोके मांडलेले असत. त्यांच्याकडे पाहत, मधूनच पायाने एखादा इकडचा तिकडे सरकवत. जेवताना मामी आता पळीभर वरण जास्तीचं वाढत नसत. ते न वाढलेलं वरण मला त्या घरातली सगळ्यांत वाईट गोष्ट वाटली.

मग एका रविवारी सकाळी मामींनी लुगडं बदललं, पायात चपला घातल्या, आणि मामांपुढे उभ्या राहिल्या. "चला."

"कुठी?"

"तुमच्या त्या गोट्याईकडे. मले पाहाचं आहे एकदा, काय आहे तिथी असं."

मला आणि माझ्या बायकोलाही त्यांनी बरोबर घेतलं. सकाळी क्लब रिकामा असे. मामींनी रानगव्याकडे पाहून नाक मुरडलं आणि टेबलाजवळ गेल्या. मामांनी नको नको म्हणत काठी घेतली. वाकले. टोक हवेत थरथरत होतं, जसं वाऱ्यात गवताचं पातं. टोला बसला तो पांढऱ्याच्या कुशीत, आणि चेंडू भलतीकडेच गेला. मामांनी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मामींनीच काठी उचलली. "सांगा, कशाले मारू?"

"राहू दे ना वो."

"सांगा म्हनते ना!"

"तो लाल पाह्य. त्या कोपऱ्यात."

काठी कशी धरायची, कसं वाकायचं, काही विचारलं नाही. एक डोळा बारीक केला आणि खाडकन मारलं. लाल खिशाच्या तळाशी जाऊन आपटला. माझ्या बायकोने टाळी वाजवली. मामा गर्रकन वळले, पण लालचं त्यांना काहीच नव्हतं.

"अवो, पांढरा कुठी गेला!" पांढरा टेबलभर हिंडत होता, चार कडांवर आपटत, जत्रेत हरवल्यासारखा.

"तुमी लाल म्हनला होता," मामी म्हणाल्या. "पांढऱ्याचं काई म्हनलं नाई."

मामा टेबलाभोवती फिरले. एक फेरी, दोन फेऱ्या. वाकले. थरथरती करंगळी कापडावर टेकवली. ती त्या जागेभोवती लहानसं वर्तुळ काढत राहिली. "हे पाह्य. आता तो दुसरा लाल. पन हळू. पांढरा इथी आला पाहिजे."

"हळू म्हंजे किती?"

तो प्रश्न त्यांना पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात कुणी विचारला नव्हता. ते विचारात पडले. म्हणाले, "ताक घुसळून झाल्यावर रवी काढून घेतो ना आपन, तेवढं."

तिथून पुढे दोन महिने ते दोघं रोज सकाळी क्लबात जात होते. त्यांची एक भाषाच तयार झाली. लांबचा टोला असेल तर मामा म्हणत, "वानर हाकल." त्याहून कमी असेल तर "चिमण्या हाकल." मग "दाराची कडी लाव," "भाकर थापट," आणि सगळ्यांत अलगद, पांढरा जागच्या जागी थांबायला हवा असेल तर, "लेकरू झोपलं आहे, पांघरून घाल." मामी ते ऐकत आणि तेवढंच मारत. चेंडू चुकण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पुढचं काहीच पाहत नसत. समोरचा पडला की काठी खांद्याला लावून, "आता?" म्हणून विचारायच्या. मी अनेक खेळाडू पाहिले आहेत. त्या दोघांच्यात मिळून एक पूर्ण खेळाडू होता.

थंडी आली, स्पर्धा जाहीर झाली. एकेरीबरोबर जोडीचाही सामना असे, आणि जोडीतल्या कुणी कधी मारायचं ते जोडीने ठरवायचं असा क्लबाचा घरगुती नियम होता, कारण निम्म्या सभासदांची कंबर धरलेली असायची. मामांनी यादीत दोघांचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी क्लबात गलका. एक जुने सभासद, निवृत्त वकील, चष्मा काढून म्हणाले, "बायका आता टेबलाला हात लावणार काय?" मामांनी शांतपणे भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं. बोट थरथरत होतं, पण ते बरोबर सातव्या ओळीवर होतं: सभासदांच्या कुटुंबीयांस क्लबाच्या सर्व सोयींचा लाभ घेता येईल. "हे मीच लिहिलं होतं जी," मामा म्हणाले. "पाटी रंगवाले माझ्याकडे दिली होती तुमी." वकीलसाहेब मामांकडे पाहतच राहिले. त्या वर्षी नवे आलेले तरुण वनाधिकारी हसून म्हणाले, खेळू द्या, मलाही पाहायचंय.

अंतिम सामना त्या तरुण साहेबांच्या जोडीशीच पडला. साहेबांचा जोडीदार एक गुबगुबीत बँक मॅनेजर होता, आणि दोघेही चांगले खेळत. रविवारची दुपार. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांतूनही माणसं डोकावत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायका आल्या होत्या, वनखात्याच्या वसाहतीतल्या पंधरा-वीस. मामा टेबलाभोवती फिरत, वाकत, पुटपुटत, "कडी... आता चिमण्या... जरा कमी, पाच-सातच चिमण्या आहेत." लोक आधी खिदळले. अर्ध्या तासाने कुणी खिदळत नव्हतं. शेवटी टेबलावर दोनच चेंडू उरले, गुलाबी आणि काळा. ते दोन्ही मामींनी पाडले तर चार गुणांनी जीत. एक जरी चुकला तर हार.

गुलाबी सोपा होता, सरळ कोपऱ्यात. पण जोरात मारला तर पांढरा त्याच्या मागोमाग खिशात जाणार, आणि हळू मारला तर काळा अवघड होऊन बसणार. मामींनी नेम धरला आणि मान न वळवता विचारलं, "किती?"

मामांनी पांढऱ्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, करंगळी कापडाजवळ नेली आणि मागे घेतली. मला वाटलं, त्यांना सुचत नाही. मामी वाकलेल्याच होत्या.

"सांगा ना जी. किती?"

"तुले वाटते तेवढं," मामा म्हणाले.

टोला बसला. गुलाबी गेला. सगळी खोली पांढऱ्याकडे पाहत होती, आणि मी मामांकडे पाहत होतो म्हणून मला दिसलं, की मामा पांढऱ्याकडे पाहतच नव्हते. ते मामींकडे पाहत होते. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे, खोचलेल्या पदराकडे. पांढरा कुठे थांबला हे त्यांना लोकांच्या आवाजावरून कळलं.

चांगला थांबला होता. काळा समोर होता. मामींनी या वेळी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. खाडकन टोला, काळा आत. टाळ्या पडायला सुरुवात झाली आणि अर्ध्यावर थांबली, कारण पांढरा अजून चालत होता. कडेला आपटला, परत आला, आणि मधल्या खिशाकडे सावकाश, अगदी सावकाश लोळू लागला. आत पडला असता तर सगळंच गेलं असतं. वकीलसाहेबांनी चष्मा घातला. पांढरा खिशाच्या ओठावर आला, वाकून आत पाहिल्यासारखा जरासा झुकला, आणि थांबला.

मग जो गोंगाट झाला त्यात साहेबांनी मामींपुढे वाकून हात जोडलेले मला दिसले, माझी बायको रडताना दिसली, आणि वसाहतीतल्या बायका एकमेकींना मिठ्या मारताना दिसल्या. एवढ्या सगळ्यात मामा टेबलाजवळ कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"पांढरा चुकला," ते म्हणाले. "एक वीत अलीकडे पाहिजे होता."

"थांबला ना?" मामी काठी त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "मंग?"

त्या दिवशी जेवताना मामींनी अगदी शेवटच्या घासाला त्यांच्या भातावर पळीभर वरण वाढलं, आणि ते ओरडले, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो.

पुढची तीन वर्षं ती दोघं खेळत राहिली. कधी जिंकली, बहुतेकदा हरली. मामींच्या पाठोपाठ वसाहतीतल्या आणखी चार-पाच जणी यायला लागल्या, आणि रविवारची सकाळ ही बायकांची असं आपोआप ठरून गेलं. मामा बाकावर बसून सगळ्यांना किती चिमण्या ते सांगत. हात थांबला नाही. डावाही मग हलू लागला. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना त्यांनीच काढलेला जंगलाचा एक जुना नकाशा चौकटीत घालून दिला, अखंड जिल्ह्याचा. तो त्यांनी बैठकीत लावला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पेला देण्याआधी त्याच्यातला एखादा नाला दाखवला.

ऐंशीचं दशक सरता सरता माझी बदली झाली, पश्चिमेकडे, आमच्या गावाजवळ. मला ती हवी होती, आईवडील थकले होते. मामांना सांगायला गेलो तेव्हा मला वाटलं ते विचारतील, पुढे काय, तिथे काय, मुलीच्या शाळेचं काय. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या दोन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या हाताच्या थरथरीने ती झोपाळ्यात बसल्यासारखी हलायची, आणि तिला ते फार आवडायचं. थोड्या वेळाने ती तशीच झोपून गेली.

निघायच्या दिवशी दोघं स्टँडवर आली. सकाळची नागपूरची गाडी. मामींनी भाकऱ्या, तिळाची चटणी आणि मोहाच्या फुलांचे लाडू बांधून दिले आणि माझ्या बायकोला चार वेळा तेच तेच सांगितलं, तिकडे पाणी जड असतं, उकळून पी. मामा खिडकीखाली उभे होते, पांढऱ्या बुशशर्टात, आणखी किडकिडीत झालेले. "या कधी," एवढंच म्हणाले. मग खिडकीच्या गजाला हात लावून, "जवाईबापू, लवकर या."

गाडी हलली. त्यांनी हात वर केला. मीही केला. वळणापर्यंत मी मागे पाहत राहिलो, आणि तो हात वरच होता. इतक्या लांबून मला कळेना, की तो आपोआप हलतोय की ते आम्हाला निरोप देताहेत. मुलीला मात्र तसा काही प्रश्न पडला नव्हता. ती खिडकीच्या गजाला धरून, आपला इवलासा हात त्याच लयीत हलवत, गाडी गावाबाहेर पडून दोन्ही बाजूंना सागाची झाडं लागेपर्यंत त्यांना टाटा करत होती.